गफार बेगांचा शेजार

कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवरचे लेख आपण पाहिले असतील. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धेनुकाकटच्या यवनांनी आणि दूरदूरच्या लोकांनी ते खांब दान दिले. त्यांची नावे दगडावर राहिली. परंतु शेजाऱ्याने शेजाऱ्याशी केलेली नेकी बहुधा अशी कोरून ठेवली जात नाही. ती दुसऱ्याच्या आयुष्यात मुरते. महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र या दृष्टीने वाचून पाहा.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. आई बालपणीच गेली. वडील गोविंदराव पुण्यात फुले-भाजीचा व्यवसाय करीत. माळ्याच्या मुलाला विद्या कशाला, असे लोकांनी त्यांच्या मनात भरविले आणि मुलाची शाळा सुटली. जोतीराव दिवसभर मळ्यात राबत आणि रात्री दिव्यापाशी पुस्तक घेऊन बसत. शेजारच्या गफार बेग मुन्शींच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नाही. ते उर्दू-फारसीचे शिक्षक होते. त्या घराशी त्यांचे ना रक्ताचे नाते, ना जातीचे, ना धर्माचे. होता तो केवळ शेजार. त्यांनी आणि लिजिट नावाच्या ख्रिस्ती गृहस्थांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले.

पुढचे आपण जाणताच. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. समाजाच्या दडपणाखाली १८४९ मध्ये गोविंदरावांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. स्वतःचे घर बंद झाले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला, असे चरित्रकार नोंदवितात. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या एका पत्रात फातिमेचा आपुलकीने उल्लेख येतो. आपल्यामागे शाळेचा भार तिच्यावर पडला असेल, याची त्यांना काळजी होती.

मिळालेला शेजारधर्म जोतीरावांनी आपल्यापुरता ठेवला नाही. १८६८ मध्ये त्यांनी घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुला केला. १८७६-७७ च्या दुष्काळात उपाशी मुलांच्या जेवणाची सोय केली. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यावर त्यांनी ‘मानव महंमद’ हे काव्य रचले. अखेरच्या ग्रंथात त्यांनी अशा घराचे चित्र काढले, जिथे आई, वडील, मुलगी आणि मुलगा निरनिराळे धर्म पाळतात आणि तरीही प्रेमाने एकत्र राहतात. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

वाचकहो, कुरआनच्या सूरह निसाच्या ३६ व्या आयतीत आप्त शेजाऱ्याबरोबरच परक्या शेजाऱ्याशीही भलाईने वागण्याचा आदेश आहे. गफार बेगांनी कोणतीही चळवळ उभारली नाही. त्यांनी शेजारच्या मुलाकडे लक्ष दिले आणि त्याच्या वडिलांशी दोन शब्द बोलले. आज बातम्या ऐकून मन धास्तावते, शेजाऱ्याच्या नावावरून संशय डोकावतो. अशा वेळी आपल्या भिंतीपलीकडे कोण राहते, त्याच्या मुलाची शाळा चालू आहे का, घरात कोणी आजारी आहे का, एवढे तरी आपल्याला ठाऊक आहे काय? नसेल, तर आज मगरिबनंतर त्याचे दार वाजवा. अल्लाह आपणां सर्वांना शेजाऱ्याचे हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.