मंदीतून जपानला सावरणारे ताकाहाशी

जपानचे ख्यातनाम अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांचा जन्म १८५४ साली एदो, म्हणजेच आजच्या टोकियोत झाला. एका सामान्य पायदळ सैनिकाच्या घरी ते दत्तक गेले. १८६७ मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेस गेले असता नकळत केलेल्या सहीमुळे त्यांना वेठबिगारी करावी लागली. मायदेशी ते पेटंट कार्यालयाचे पहिले प्रमुख झाले. पुढे पेरूतील चांदीच्या खाणीच्या व्यवहारात मात्र सर्वस्व गमावून बसले. १८९२ मध्ये बँक ऑफ जपानमध्ये त्यांनी नव्याने सुरुवात केली. रशियाशी झालेल्या युद्धासाठी लंडन व न्यूयॉर्कमध्ये कर्ज उभारल्याने त्यांची कीर्ती झाली. १९२१ मध्ये ते पंतप्रधान झाले.

खरी कसोटी पुढेच होती. जानेवारी १९३० मध्ये जपानने येन पुन्हा सोन्याशी जोडला आणि त्याच सुमारास जागतिक मंदी कोसळली. रेशीम व तांदळाचे भाव गडगडले. स्वस्ताई आली, पण हाती पैसा नव्हता; ईशान्येकडील कर्जबाजारी शेतकऱ्यांवर पोटच्या मुली विकण्याची वेळ आली. डिसेंबर १९३१ मध्ये अर्थखाते स्वीकारताच ताकाहाशींनी सुवर्णबंधन तोडले. येन घसरला, निर्यात वाढली. मध्यवर्ती बँकेला कर्जरोखे विकून त्यांनी सरकारी खर्च वाढवला. जपान अमेरिकेआधी सावरला.

त्यानंतर महागाईचा धोका ओळखून त्यांनी लष्कराच्या वाढत्या मागण्यांना कात्री लावली. परिणामी २६ फेब्रुवारी १९३६ रोजी बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांनी राहत्या घरी त्यांची हत्या केली. त्यानंतर लष्करी खर्चाला आवर घालणारे कोणी उरले नाही. युद्धोत्तर जपानला भीषण महागाईच्या रूपाने त्याची किंमत मोजावी लागली.