कोवन ब्रिजची शाळा आणि शार्लट ब्राँटे
(द्वितीय वर्ष कला)

‘जेन एअर’ या कादंबरीमुळे शार्लट ब्राँटे हे नाव इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचयाचे आहे. २१ एप्रिल १८१६ रोजी तिचा जन्म झाला आणि ३१ मार्च १८५५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी होण्याआधी, ती वारली. ह्या आयुष्यातले एकच वर्ष मी येथे सांगणार आहे. खरे म्हणजे ते पुरते वर्षही नव्हे, शाळेतले जेमतेम दहा महिने! पण त्या दहा महिन्यांतून ती पुढे कधी बाहेर पडली असे मला वाटत नाही.

सुरुवात तिच्या वडिलांपासून करावी लागेल. पॅट्रिक ब्राँटे हे आयर्लंडमधल्या एका गरीब शेतकऱ्याचे दहा मुलांतले थोरले अपत्य. १८०२ साली ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले, तेही फीमध्ये सवलत मिळालेला गरीब विद्यार्थी म्हणून. पुढे ते धर्मोपदेशक झाले आणि १८२० साली यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ ह्या गावी आले. दुसऱ्याच वर्षी पत्नी वारली. मागे पाच मुली आणि एक मुलगा. मुलांची मावशी येऊन घर सांभाळू लागली, पण मुलींचे पुढे काय, ही काळजी वडिलांना होती. हुंडा द्यायला पैसा नाही. आपल्यामागे ह्या मुलींनी पोट कसे भरावे? श्रीमंतांच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवणारी गव्हर्नेस होणे एवढाच एक अब्रूचा मार्ग त्या काळी होता, आणि त्यासाठी शिक्षण हवे.

अशा वेळी जानेवारी १८२४ मध्ये लँकशायरमधील कोवन ब्रिज येथे गरीब धर्मोपदेशकांच्या मुलींसाठी एक निवासी शाळा निघाली. संस्थापक होते रेव्हरंड विल्यम कॅरस विल्सन. राहणे, जेवण, कपडे आणि शिक्षण मिळून वर्षाला १४ पौंड. उरलेला खर्च देणगीदारांच्या वर्गणीतून. एवढ्या स्वस्तात असे शिक्षण दुसरीकडे मिळण्यासारखे नव्हते. स्वतः सवलतीवर शिकलेल्या बापाला ही शाळा म्हणजे देवानेच धाडलेली वाटली असेल, यात नवल नाही. जुलै महिन्यात मारिया आणि एलिझाबेथ ह्या थोरल्या दोघी गेल्या. गोवर आणि डांग्या खोकल्यातून त्या नुकत्याच उठल्या होत्या. १० ऑगस्टला आठ वर्षांची शार्लट गेली आणि नोव्हेंबरात सहा वर्षांची एमिली.

शाळेच्या नोंदवहीत शार्लटविषयी लिहिलेले आहे, की हिचे वाचन बरे, लेखन यथातथा, शिवण नीटनेटके. व्याकरण, भूगोल, इतिहास काही येत नाही. वयाच्या मानाने हुशार, पण पद्धतशीर असे काहीच शिकलेली नाही. इंग्लंडची एक थोर लेखिका अशी दाखल झाली!

नदीकाठची जागा सखल आणि दमट होती. हिवाळ्यात मुलींना जांभळे लोकरी झगे असत. सकाळच्या लापशीला बहुधा करपल्याचा वास यायचा, कारण स्वयंपाकीण गलिच्छ आणि निष्काळजी होती. कित्येक मुली उपाशीच उठत. रविवारी दोन मैलांहून अधिक चालत टन्स्टॉलच्या चर्चमध्ये जायचे. थंडीपावसात ओल्या पायांनी तिथे बसायचे, दोन प्रार्थनांच्या मधल्या वेळात दरवाजावरच्या खोलीत थंड जेवण जेवायचे आणि मग तसेच परत. कॅरस विल्सन मुलांसाठी गोष्टींची मासिके काढीत. त्यांत लहान मुलांचे मरण आणि नरक यांची वर्णने पुष्कळ असत. त्यांचा हेतू वाईट नसेलही, पण लहान मुलांच्या मनात भीती घालणे म्हणजेच संस्कार, अशी त्यांची समजूत दिसते.

मारिया दहा वर्षांची होती. आई गेल्यावर धाकट्यांची ती आईच झाली होती. बुद्धी तल्लख, वाचन अफाट, पण वस्तू जागच्या जागी ठेवणे तिला जमत नसे. त्यावरून एक शिक्षिका तिला सतत बोलत असे. ब्राँटे भगिनींबरोबर शिकलेल्या एका मुलीने पुढे सांगितलेली हकीकत मला विसरता येत नाही. मारिया आजारी होती, तिच्या कुशीवर डॉक्टरने औषधाने फोड आणलेला होता. सकाळची घंटा झाली तेव्हा मैत्रिणी तिला पडून राहायला सांगत होत्या. तरी ती भीतीने उठून बसली आणि मोजे चढवू लागली. तेवढ्यात ती शिक्षिका आली, तिने मारियाला दंडाला धरून खोलीच्या मध्यभागी ओढले आणि तिच्या गबाळेपणावर तोंडसुख घेतले. मारियाने उलट संतापलेल्या मैत्रिणींनाच शांत केले. हळूहळू कपडे करून ती खाली गेली, आणि उशीर झाला म्हणून तिला पुन्हा शिक्षा झाली. हे सारे शार्लटच्या देखत चालत असे. आठ वर्षांची मुलगी काय करणार?

फेब्रुवारी १८२५ मध्ये मारियाला घरी पाठवले. तिला क्षय झाला होता. वसंत ऋतूत शाळेत तापाची साथ आली. ब्राँटे बहिणींना ती बाधली नाही, पण एलिझाबेथही क्षयाने खंगत चालली होती. ६ मे रोजी मारिया हॉवर्थला वारली. शार्लट तेव्हा शाळेतच होती. अखेरची भेट नाही, निरोप नाही! ३१ मे रोजी एलिझाबेथला घरी पाठवले आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांनी शार्लट-एमिलीला काढून आणले. १५ जूनला एलिझाबेथही गेली.

नंतरचे आयुष्य थोडक्यात सांगते. १८३१ साली शार्लट रो हेड येथे मिस वुलर यांच्या शाळेत गेली. ही शाळा चांगली होती. तिथेच ती पुढे शिक्षिका झाली, मग गव्हर्नेस. बहिणींसह घरी शाळा काढायची खटपटही केली, पण एकही विद्यार्थिनी आली नाही. १८४७ च्या ऑक्टोबरमध्ये करर बेल ह्या टोपणनावाने ‘जेन एअर’ प्रसिद्ध झाली. तिच्यातली लोवुडची शाळा म्हणजे कोवन ब्रिज आणि सोशिक हेलन बर्न्स म्हणजे मारिया. कादंबरीत हेलनच्या अखेरच्या रात्री जेन तिच्या अंथरुणात शिरते आणि हेलन तिच्या मिठीतच प्राण सोडते. प्रत्यक्षात शार्लटला ती रात्र लाभली नव्हती. बावीस वर्षांनी तिने ती लिहिली. हेलन फारच आदर्श वाटते असे समजणाऱ्यांसाठी तिने प्रकाशकांकडे कळवले होते, की ह्या पात्रात वाढवून काही घातलेले नाही, उलट कोणी विश्वास ठेवणार नाही म्हणून बरेच गाळले आहे.

शाळा लोकांनी लगेच ओळखली. १८५७ साली एलिझाबेथ गॅस्केल यांनी लिहिलेल्या चरित्रात शाळेचे नावच आले आणि मोठा वाद माजला. कॅरस विल्सन यांच्या बाजूने सांगण्यात आले, की शाळा धर्मादाय होती, तिने कितीतरी गरीब मुलींना शिकवले, आणि शार्लटने उपकार विसरून अन्याय केला. यातला पहिला भाग खराच आहे. शाळा पुढे कॅस्टर्टनला हलली आणि तिच्यात सुधारणाही झाल्या. पण उपकाराचा हा मुद्दा मला पटत नाही. सवलतीत शिकणाऱ्याने ताटात पडेल ते मुकाट्याने खावे, ही अपेक्षा आपल्याकडेही अनोळखी नाही. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना ती चांगली ठाऊक आहे. लापशी करपली होती असे सांगणे म्हणजे कृतघ्नपणा कसा? आणि चौदा पौंडांत जे बसत होते त्यात मारियाला दंडाला धरून ओढणेही बसत होते काय?

वाद चालू असताना शार्लटला जाऊन दोन वर्षे झाली होती. तिची बाजू तिचे पती आर्थर बेल निकल्स यांनी वर्तमानपत्रात पत्रे लिहून मांडली. वडील तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. सहाही मुले त्यांच्या आधी गेली होती. १८६१ साली वारले तोवर ते हॉवर्थच्या त्याच घरात राहिले, आणि समोरच्या चर्चमध्ये मारिया आणि एलिझाबेथ आईशेजारी पुरलेल्या होत्या.