स्वकर्माचा शोध : पंडित माधवराव सप्रे

जबलपूर शहरात बडा फुहारा नावाचा प्रसिद्ध चौक आहे. जुन्या बाजारपेठेचे हे केंद्रच होय. खरेदीसाठी आलेल्या माणसाचे पाय एकदा तरी येथे वळल्यावाचून राहत नाहीत. या चौकापासून थोड्याच अंतरावर तिलकभूमी तलैया या नावाची जागा आहे. लोकमान्य टिळकांची सभा तेथे भरली होती, म्हणून तिला हे नाव पडले. लोकमान्यांची स्मृती नगराने अशी जपली हे योग्यच झाले. परंतु लोकमान्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ ज्याच्या लेखणीने हिंदी भाषिकांच्या घरी पोहोचला, आणि ज्याच्या प्रेरणेने याच शहरात कर्मवीर हे पत्र निघाले, त्या माधवराव सप्रे यांचे स्मरण या रस्त्यांवरून जाणाऱ्या मराठी माणसालादेखील क्वचितच होते.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. वडिलांचे नाव कोंडोपंत. घरची भाषा मराठी, आणि घराबाहेरचे सारे जग हिंदी. प्राथमिक शिक्षण बिलासपुरास झाले, पुढचे रायपुरास. रायपूरच्या शाळेत नंदलाल दुबे नावाचे शिक्षक होते. त्यांनी या मराठी मुलाला हिंदीची गोडी लावली. पुढे आयुष्यभर जे कार्य करावयाचे त्याचे बीज येथेच पडले होते. परंतु ते ओळखू येण्यास बरीच वर्षे जावी लागली.

मधली वर्षे चाचपडण्यातच गेली. कॉलेजचे शिक्षण जबलपूर, ग्वाल्हेर, नागपूर असे खंडित होत झाले. मध्यंतरी त्यांनी बांधकाम खात्याची ठेकेदारी करून पाहिली, तीत नुकसान सोसले. १८९८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळाली. त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरीची दारे उघडीच असत, आणि आप्तेष्टांचीही तीच अपेक्षा होती. माधवरावांनी ती वाट नाकारली व पेंड्रा येथील राजकुमाराच्या शिक्षकाची दरमहा पन्नास रुपयांची नोकरी पत्करली. नातलगांना हा वेडेपणा वाटला असल्यास नवल नाही.

त्या पगारातून वाचविलेल्या पैशांवर जानेवारी १९०० मध्ये छत्तीसगढ मित्र हे मासिक निघाले. रामराव चिंचोलकर सहसंपादक होते व वामन बळीराम लाखे प्रकाशक. तिघेही मराठी भाषिक, आणि मासिक मात्र हिंदी! याच मासिकात १९०१ मध्ये आलेली एक टोकरी भर मिट्टी ही त्यांची कथा हिंदीतील आरंभीच्या कथांत गणली जाते. कित्येक अभ्यासक तर तिला पहिलीच मानतात. परंतु वर्गणीदार पुरेसे मिळेनात आणि तोटा वाढत गेला. तीन वर्षांनी मासिक बंद पडले. पुढे काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी त्यांनी अर्थशास्त्राच्या परिभाषेचे काम केले. नव्या कल्पनेला नेमका शब्द शोधावयाचा, तो लोकांच्या तोंडी बसेल असा घडवावयाचा, हे काम रुक्ष खरे. पण माधवरावांचा हात याच कामावर बसला.

१३ एप्रिल १९०७ रोजी नागपुराहून त्यांनी हिंदी केसरी सुरू केले. लोकमान्यांच्या केसरीतील विचार हिंदीत उतरवून देणे हे त्याचे मुख्य कार्य. पुढच्याच वर्षी जुलैत लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. आणि बरोबर एक महिन्याने, २२ ऑगस्ट १९०८ रोजी, राजद्रोहाच्या आरोपावरून माधवरावांना अटक झाली. येथे त्यांच्या चरित्रातील अत्यंत दुःखद प्रसंग येतो. तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. घरच्या माणसांच्या, विशेषतः वडील बंधूंच्या, आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली, सरकारची माफी मागितली आणि ते सुटले.

सुटका झाली, पण मन सुटेना. गुरू मंडालेच्या कारागृहात, आणि शिष्य स्वगृही! ही लाज त्यांना सहन झाली नाही. त्यांनी घर सोडले व रामदासी साधू श्रीधर विष्णू परांजपे यांच्या सहवासात हनुमानगढ येथे जाऊन राहिले. झोळी घेऊन दारोदार भिक्षा मागावी, आणि दासबोधाचे परिशीलन करावे, असा एक वर्षाहून अधिक काळ गेला. रणांगणावर गांगरलेला अर्जुन भिक्षान्न बरे असे म्हणतो, ते माधवरावांनी शब्दशः आचरून पाहिले.

तथापि झोळीने समाधान दिले नाही. दिले ते दासबोधाने. समर्थांचा हा ग्रंथ त्यांनी हिंदीत आणला. त्या कामात त्यांना आपले खरे सामर्थ्य कळले असावे. सभा गाजविणे, राजकारणाच्या आघाडीवर उभे राहणे, यांसाठी लागणारा कठोरपणा त्यांच्या प्रकृतीत नव्हता. परंतु एका भाषेतील तेज दुसऱ्या भाषेत न मावळता पोहोचविणे ही देणगी त्यांच्याजवळ विपुल होती. मराठी आईच्या कुशीतली, हिंदी गुरूच्या पायाशी बसून शिकलेली, आणि परिभाषेच्या कामात दोन्ही घासून लख्ख झालेल्या.

लोकमान्यांनी मंडालेस लिहिलेले गीतारहस्य १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले व त्याचा हिंदी अनुवाद माधवरावांच्या हातून १९१६ मध्ये बाहेर पडला. कारागृह सोसून जो ग्रंथ एकाने लिहिला, तो कारागृह न सोसल्याची खंत बाळगणाऱ्या दुसऱ्याने अनुवादिला. कर्मसंन्यास आणि कर्मयोग यांचा वाद त्या पानापानांतून चालतो, आणि अनुवादकाने तर दोन्ही बाजू स्वतःच्या देहावर अनुभवल्या होत्या! चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचा हिंदी अनुवादही पुढे त्यांनीच केला.

१९२० च्या जानेवारीत जबलपुराहून कर्मवीर साप्ताहिक सुरू झाले. उभारणीत माधवरावांचा वाटा मोठा. परंतु संपादक म्हणून नाव झळकले ते माखनलाल चतुर्वेदी यांचे. खांडव्याच्या शाळेत मास्तरकी केलेल्या या तरुणाचे गुण माधवरावांनी फार पूर्वीच हेरले होते. स्वतःचे काम सापडण्यास ज्याला अर्धे आयुष्य लागले, त्याला दुसऱ्याचे काम चटकन ओळखता येत असे. मागे राहून पुढच्याला हात देणे त्यांनी आता अंगी बाणवून घेतले होते.

१९२१ मध्ये बिलासपुरातील एका भाषणाबद्दल माखनलालजींवर राजद्रोहाचा खटला झाला, आणि त्यांनी तुरुंगवास पत्करला. ज्या गावी माधवराव बाराखडी शिकले, त्याच गावी त्यांच्या शिष्याने ती परीक्षा दिली.

१९२४ मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माधवरावांकडे चालून आले. एका मराठी माणसाला हिंदीने दिलेला हा मान होता. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे देहावसान झाले. हिंदी गीतारहस्याच्या मुखपृष्ठावर लोकमान्यांचे नाव मोठ्या अक्षरांत असते. अनुवादकाचे नाव पाहण्यासाठी आतले पान उघडावे लागते.