लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचे खटले आणि ज्युरी

बाळ गंगाधर टिळक (२३ जुलै १८५६ – १ ऑगस्ट १९२०) हे 'केसरी'चे संपादक व राष्ट्रीय चळवळीचे अग्रणी होते. त्यांचा जन्म रत्नागिरीत झाला. १८७९ साली ते कायद्याचे पदवीधर झाले. पुढे पुण्यात कायद्याचे वर्गही त्यांनी चालविले. वकिलीचा व्यवसाय मात्र त्यांनी केला नाही. हे ज्ञान त्यांना आरोपी म्हणूनच अधिक वापरावे लागले.

१८९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चाललेल्या खटल्यात ज्युरीत ६ युरोपीय व ३ भारतीय होते. ६ विरुद्ध ३ मतांनी टिळक दोषी ठरले आणि त्यांना १८ महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्या वेळी त्यांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर दिनशा दावर हेच १९०८ च्या खटल्यात न्यायमूर्ती होते.

१९०८ चा खटला 'केसरी'तील 'देशाचे दुर्दैव' व 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवरून झाला. सरकारने विशेष ज्युरीची मागणी केली. अशा ज्युरीत मराठी न जाणणाऱ्या युरोपीयांचाच भरणा होईल, असा टिळकांच्या बाजूचा आक्षेप होता. तो अमान्य झाला व ७ युरोपीय आणि २ पारशी निवडले गेले.

ज्युरर निवडताना त्यांना सविस्तर प्रश्न विचारण्याची अमेरिकेतील रीत येथे रुजली नव्हती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार उच्च न्यायालयात प्रत्येक पक्षास ८ जणांवर कारण न देता हरकत घेता येई. त्यापुढे कारण सांगावे लागे. पुराव्याची भाषा न समजणे हेही एक मान्य कारण होते. परंतु पुरावा भाषांतरित होत असेल, तर भाषांतराची भाषा समजणे पुरेसे मानले जाई. राजद्रोहाच्या खटल्यात लेखातील शब्दांचा अर्थ हाच मुख्य पुरावा असतो. तो अर्थ मराठीत होता आणि ज्युरीपुढे आले ते इंग्रजी भाषांतर. कायद्यातील ही पळवाट आरोपीच्या मुळावर येणारी होती, असेच म्हणावे लागते.

टिळकांनी स्वतःच बाजू मांडली. सरकारी भाषांतरकाराची त्यांनी शब्दाशब्दावर उलटतपासणी घेतली आणि त्यानंतर २१ तासांहून अधिक काळ भाषण केले. निवडीच्या वेळी जे तपासता आले नाही, ते त्यांना ज्युरीला असे समजावून द्यावे लागले. २२ जुलैच्या रात्री ७ विरुद्ध २ मतांनी निर्णय विरोधात गेला. ६ वर्षे काळे पाणी व १,००० रुपये दंड अशी शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी ६ दिवस हरताळ पाळला. मंडालेच्या कारावासात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिले. १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली.

ज्युरीचा निर्णय काहीही असला तरी आपण निर्दोष आहोत, या आशयाचे जे निवेदन त्यांनी शिक्षेपूर्वी केले, ते कोरलेली शिला १९५६ साली मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते त्याच न्यायालयात बसविण्यात आली.