शाळा पाड्यावर नेणाऱ्या ताराबाई मोडक

आज अंगणवाडी नाही असं गाव शोधून सापडणं कठीण. लेकरांचं वजन, खाऊ, लसीचा दिवस, सगळं तिथंच असतं. पण हे नाव आलं कुठून, असं विचारलं तर भलेभले गप्प बसतात. ते आलं डहाणू तालुक्यातून, बोर्डी-कोसबाडच्या पट्ट्यातून. हा तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. आणि हे काम तिथं रुजवलं ताराबाई मोडक यांनी.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाचं, मुलींनी शिकावं या मताचं. त्या काळात बाईमाणसानं पदवी घेणं म्हणजे नवलच, पण १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. मग राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात प्राचार्या झाल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका लहान मुलांना न मारता, न दटावता, खेळातून शिकवतात हे कळल्यावर चांगल्या पगाराची जागा सोडून त्या तिकडे गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला. नावलौकिक झाला.

इथंच थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण शहरातल्या चार मुलांना शाळा मिळाली म्हणून देशाचं भागत नाही, पोरं तर खेड्यात आहेत, ही बोच त्यांना होती. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलं. सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताई स्वतः बालविधवा, कष्टानं शिकलेल्या.

पोरं आलीच नाहीत

बोर्डीत बालवाडी उघडली. गावातली सुखवस्तू घरातली मुलं आली. वारल्यांची, दलितांची मुलं मात्र फिरकेनात. आपल्याकडे अशा वेळी एकच उत्तर तयार असतं : या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. ताराबाईंनी ते मानलं नाही. पोरं का येत नाहीत, हे त्यांनी पाड्यावर जाऊन पाहिलं.

तो काळ ध्यानात घ्या. जमीन सावकार-जमीनदाराची, वारली त्यावर राबणारा. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघंही मालकाकडे बांधली जायची. अशा गड्याला लग्नगडी म्हणत. याच वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानं वारली उठले. अशा घरात पाच-सात वर्षांचं पोर रिकामं नसतं. थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन बसते, तेव्हा आई कामावर जाते. मुलगा गुरं राखतो, तेव्हा घरात चूल पेटते. त्यात शाळेची भाषा पुस्तकी मराठी, पोराची बोली वारली. अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही. आणि कागद-लेखणीवाला माणूस म्हणजे अंगठा घेणारा माणूस, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. मग शाळेची भीती वाटणारच.

पोर येत नाही तर शाळा जाईल

आम्ही कृषी विस्तारातली माणसं एक गोष्ट अनुभवानं शिकतो. प्रक्षेत्रावर कितीही उत्तम पीक दाखवा, शेतकऱ्याला पटतं ते त्याच्याच वावरात घेतलेलं प्रात्यक्षिक. ताराबाईंनी शाळेचं तेच केलं. शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या. घरापुढचं अंगण झाडलं, पोरांना गोळा केलं, हातपाय धुतले, केस विंचरले आणि तिथंच गाणी, गोष्टी, खेळ सुरू झाले. अंगणात भरते ती अंगणवाडी.

माँटेसरी पद्धतीची साधनं महाग. पाड्यावर ती परवडणार कुठून? मग शिंपले, खडे, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. मोजायला बिया, आकार ओळखायला पानं. पोराच्या ओळखीच्याच वस्तू, म्हणून त्याची भीड चेपली.

१९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकटं भावंडं पाळणाघरात ठेवलं की थोरली वर्गात बसायला मोकळी. आणि जो मुलगा गुरांमागं रानात असतो, त्याच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरताहेत आणि शिक्षक तिथंच शिकवतो आहे!

आता कुणी म्हणेल, म्हणजे पोरानं गुरं राखतच राहायचं का? शंका रास्त आहे. कुरणशाळेनं घरची गरिबी हटली नाही, गुराखीपणही एका दिवसात सुटलं नाही. पण शाळेची वाट बघत वर्षं फुकट जाण्यापेक्षा पोर आहे तिथून सुरुवात करणं ताराबाईंना शहाणपणाचं वाटलं.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या. पुढं काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत चालवलं. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी.

आपल्याला काय?

नाव देशभर गेलं, पण त्यामागचा विचार सोबत गेला का, हे तपासायला हवं. दिवाळी झाली की आजही आदिवासी कुटुंबं वीटभट्टीवर, ऊसतोडीला बिऱ्हाड हलवतात. पोर पटावर राहतं आणि वर्गात दिसत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी ठरवली आहे. मध्येच आलेल्या मुलाला शाळा नाही म्हणू शकत नाही. तेव्हा ग्रामसेवक, सरपंच, शिक्षक मंडळींनी आपल्या हद्दीतल्या भट्टीवर, फडावर एकदा चक्कर मारून पोरं मोजावीत. गाव सोडून जाणाऱ्यांची पोरं मागं राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत, बिऱ्हाडं हलण्याआधी करावी.

आणि शेतकरी बंधूंनो, आपल्या गुरांमागं जर कुणाचं शाळेच्या वयाचं पोर असेल, तर गुराखी मोठा माणूस ठेवा. चार पैसे जास्त जातील, पण एका घराची पुढची पिढी अंगठ्यावरून सहीवर येईल.