देवगिरीची सून व्हायला निघालेली देवलदेवी दिल्लीला कशी पोहोचली, आणि पुढे तिचं काय झालं?

वेरुळची लेणी बघायला आपण सगळेच कधी ना कधी जातो. सातशे वर्षांपूर्वी दिल्लीच्या सुलतानाचे तीन-चारशे सैनिकही असेच लेणी बघायला गेले होते, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. तिथेच त्यांची गाठ एका वऱ्हाडाशी पडली.

वऱ्हाड देवगिरीकडे निघालं होतं. नवरी होती गुजरातच्या राजाची मुलगी देवलदेवी.

मागची गोष्ट अशी. १२९९ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या फौजांनी गुजरात जिंकलं. राजा कर्ण वाघेला पळाला, राणी कमलादेवी पकडली गेली. तिला दिल्लीला नेलं आणि अलाउद्दीनने तिच्याशी लग्न केलं. देवल तेव्हा जेमतेम सहा महिन्यांची होती. ती बापाकडेच राहिली.

कर्णाला आधार दिला देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाने. आज भूम-परांडा म्हणतो तो मुलूखही तेव्हा याच यादवांच्या राज्यात होता. पुढे कर्ण बागलाणात, म्हणजे आजच्या नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात राहू लागला. रामचंद्राचा मुलगा शंकरदेव याच्यासाठी यादवांनी देवलला मागणी घातली. कर्णाला राजपूत कुळाचा अभिमान, त्याने नकार दिला. पण १३०७ च्या सुमारास मलिक काफूर देवगिरीवर चालून आला आणि गुजरातेतून अल्पखान बागलाणात शिरला. मग कर्णाचा नाइलाज झाला. शंकरदेवाचा भाऊ भिल्लम मुलीला न्यायला आला.

अल्पखानाला हुकूम होता की देवलला घेऊन यायचं. मुलीची मागणी म्हणे खुद्द कमलादेवीनेच सुलतानाकडे केली होती. चकमकीत देवलच्या घोड्याला बाण लागला, घोडा लंगडा झाला आणि ती सापडली.

आता हिशोब करा. १२९९ मध्ये सहा महिन्यांची, म्हणजे पकडली तेव्हा आठ वर्षांची. अलाउद्दीनचा थोरला मुलगा खिज्रखान दहाच्या आसपास. ज्या 'अमर प्रेमकथे'वर पुढे काव्यं आणि नाटकं लिहिली गेली, तिची सुरुवात या वयात झाली. इथे प्रेमापेक्षा राजकारणच जास्त दिसतं.

खिज्रच्या आईला ही सून नको होती. अल्पखान तिचा भाऊ, त्यामुळे तिने आधी भावाच्याच मुलीशी खिज्रचं लग्न लावलं. ज्या मामाने देवलला पकडून आणलं, त्याचीच मुलगी तिची सवत झाली! देवलशी लग्न नंतर झालं, तेही फारसा गाजावाजा न करता.

संसार टिकला नाही. अलाउद्दीनच्या शेवटच्या दिवसांत मलिक काफूरने खिज्रला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात डांबलं. जानेवारी १३१६ मध्ये अलाउद्दीन वारला आणि काफूरने खिज्रचे डोळे काढवले. देवल त्याच्यासोबत किल्ल्यातच होती. काफूरही महिन्याभरात मारला गेला आणि खिज्रचा सावत्र भाऊ मुबारक गादीवर बसला.

मुबारकने आंधळ्या भावाला निरोप पाठवला की देवलला माझ्याकडे दे, तुला सोडतो, एखादा प्रांतही देतो. खिज्रने साफ नकार दिला. १३१८ मध्ये देवगिरीहून परतताना मुबारकविरुद्धचा कट उघडकीस आला. ते निमित्त पुढे करून त्याने ग्वाल्हेरच्या कैदेतल्या भावांना मारून टाकलं.

देवल विधवा झाली तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेल. खरं कोडं इथून सुरू होतं.

फिरिश्ताच्या म्हणण्यानुसार नवऱ्याचा खून करणाऱ्या मुबारकने तिला आपल्या जनान्यात घेतलं. १३२० मध्ये खुस्रोखानाने मुबारकला मारलं, तख्त बळकावलं आणि देवलशीही लग्न केलं. दोन-एक महिन्यांत गियासुद्दीन तुघलकाने खुस्रोखानाचाही शेवट केला. गादी बदलली की देवलचा मालक बदलायचा.

पण फिरिश्ता लिहीत होता तीनशे वर्षांनंतर, अहमदनगर आणि विजापूरच्या दरबारांत राहून. त्या काळचा मुख्य साक्षीदार कवी अमीर खुस्रो. त्याने खिज्रच्याच सांगण्यावरून या दोघांवर मसनवी लिहिली आणि खिज्रच्या खुनानंतर तिच्यात भर घातली. कन्हैयालाल मुनशींसारख्या काहींना देवलची ही सगळी कथाच काल्पनिक वाटली. मुसलमान सुलतानाच्या घरात गेलेली आई आपल्या मुलीलाही तिथे ओढून आणेल का, हा त्यांचा एक आक्षेप. रमेशचंद्र मजुमदारांना मात्र ती खरी वाटली.

आमचं मत मजुमदारांच्या बाजूचं. राजपुत्राची बायको कोण, हे अख्ख्या दरबाराला ठाऊक असताना दरबारी कवीने एक राजकन्या हवेतून निर्माण केली असेल, हे पटत नाही. कमलादेवीच्या मागणीचा भाग मात्र संशयास्पद आहे. मुलीला पळवून आणण्याचं खापर आईवर फोडणं सुलतानाला सोयीचंच होतं.

इकडे शंकरदेवाने रामचंद्रानंतर गादीवर येताच दिल्लीला खंडणी देणं बंद केलं. काफूर पुन्हा चालून आला आणि शंकरदेव मारला गेला. देवल तेव्हा दिल्लीत होती. १३२० नंतर तिचं नाव कुठल्याच बखरीत, शिलालेखात किंवा कबरीवर सापडत नाही.