पॉल अँडरसन
पॉल एडवर्ड अँडरसन (१७ ऑक्टोबर, १९३२ - १५ ऑगस्ट, १९९४) हे अमेरिकन भारोत्तोलक होते. त्यांचा जन्म जॉर्जिया राज्यातील टोकोआ येथे झाला. बालपणी त्यांना मूत्रपिंडाचा विकार जडला होता.

घरी तयार केलेल्या वजनांनी ते सराव करीत. त्यांचा मुख्य भर बैठकांवर असे. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात उभे राहून ते प्रथम अर्धवट बैठका मारीत. पुढे खड्डा थोडाथोडा बुजवून पूर्ण बैठकीपर्यंत पोहोचत.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये अंगात ताप असताना त्यांनी एकूण ५०० किलोग्रॅम वजन उचलले. अर्जेंटिनाच्या हुम्बेर्तो सेल्व्हेत्ती यांच्याशी बरोबरी झाली. मात्र शरीराचे वजन कमी भरल्याने सुवर्णपदक अँडरसन यांना मिळाले.

१९६१ मध्ये पत्नी ग्लेंडा यांच्यासह त्यांनी व्हिडेलिया येथे मुलांसाठी आश्रयगृह स्थापन केले. त्याचा खर्च ते शक्तिप्रदर्शनांतून उभा करीत.